अमेरिकेतल्या गव्हर्नरचं इलेक्शन नागपुरात बसून कसं पाहायचं, त्यातही खुर्चीवरचा गडी लोकांचा लाडका असेल तेव्हा

धरमपेठ घ्या, त्रिमूर्ती नगर घ्या, मनीष नगर घ्या, कुठल्याही बिल्डिंगमध्ये एखाद्या तरी घरचं पोरगं नाहीतर पोरगी अमेरिकेत आहेच, आणि नोव्हेंबर लागला की फॅमिली ग्रुपवर मेसेज येतोच की आमच्या बंटीच्या स्टेटमध्ये गव्हर्नरचं इलेक्शन आहे म्हणे, कोण येऊन राहिलं? आता खुर्चीवर बसलेला माणूस लोकप्रिय असला तर भाऊ या प्रश्नात काही दम नाही, तो बहुतेक येतोच. २०२० आणि २०२४ मध्ये उभा राहिलेला एकही विद्यमान गव्हर्नर पडला नाही, २०२२ मध्ये तर ३६ राज्यांत मतदान होतं तरी विद्यमानांपैकी पडले फक्त एक, नेवाडाचे स्टीव्ह सिसोलॅक. म्हणून कोण जिंकते यावर डोकं लावू नका. किती फरकाने जिंकला, कुठून जिंकला, आणि त्याच्या लोकप्रियतेचा त्याच्या पक्षाला काही फायदा झाला का, हे पाहायचं. खरी स्टोरी तिथे असते, आणि ती कशी शोधायची ते सांगतो.

पहिले डोक्यातून आपल्या सदर भागातलं राजभवन काढा. आपले राज्यपाल राष्ट्रपती नेमतात, घटनेच्या १५५ व्या कलमाप्रमाणे, त्यांना कोणी मत देत नाही. तिकडचा गव्हर्नर कामाने आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, बजेट मांडणारा, बिलावर सही करणारा किंवा न करणारा, पूर आला की टीव्हीवर दिसणारा. पण त्याला आमदार निवडत नाहीत, थेट जनता निवडते. त्यामुळे विश्वासदर्शक ठराव नाही, आमदार फोडणं नाही, रात्रीतून कोणाला हॉटेलात नेणं नाही, सभागृह पूर्ण विरोधी पक्षाचं असलं तरी गडी आपली टर्म पूर्ण करतो. याची दुसरी बाजू पण आहे, लोकांनी डोक्यावर घेतलेल्या गव्हर्नरचं सभागृहात कोणी ऐकेलच असं नाही. हे नीट लक्षात ठेवा, पुढे केंटकी आणि व्हरमाँट या दोन्ही उदाहरणांत हेच येते.

मग कॅलेंडर. बहुतेक ठिकाणी टर्म चार वर्षांची, फक्त व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशायरमध्ये दोनच वर्षांची. ३६ राज्यं राष्ट्राध्यक्षाच्या टर्मच्या मधल्या वर्षी मत देतात, म्हणजे २०१८, २०२२, २०२६ असं. केंटकी, लुइझियाना आणि मिसिसिपी राष्ट्राध्यक्षाच्या इलेक्शनच्या आदल्या वर्षी, न्यू जर्सी आणि व्हर्जिनिया नंतरच्या वर्षी. दिवस ठरलेला, नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार, २०२६ मध्ये तो ३ तारखेला येतो. लुइझियाना काय ते वेगळं चालते, तिथे सगळ्या पक्षांचे सगळे उमेदवार एकाच पहिल्या फेरीत उतरतात आणि कोणाला अर्ध्याहून जास्त मतं नाही पडली तर वरच्या दोघांत दुसरी फेरी, तिथले भारतीय वंशाचे गव्हर्नर बॉबी जिंदाल यांच्या वेळी असंच होतं.

राज्य कोणतं ते कळलं की तिथला टर्मचा नियम पाहून घ्या, कारण लोकप्रिय असून उभंच राहता येत नसेल तर सगळी चर्चा फुकट. व्हर्जिनियात लागोपाठ दोन टर्म मिळतच नाहीत, कितीही लाडका असो, चार वर्षांनी घरी. केंटकीत लागोपाठ दोन. व्हरमाँटमध्ये मर्यादाच नाही, लोक देतात तोवर बसा.

आता केंटकी जरा सविस्तर, कारण एवढं चांगलं उदाहरण दुसरं नाही. ट्रम्प यांना २०२० मध्ये या राज्यात ६२ टक्के मतं. आणि गव्हर्नर कोण तर अँडी बेशिअर, डेमोक्रॅट, म्हणजे ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाच्या समोरच्या पक्षाचे. २०१९ ला चौदा लाखांवर मतं पडली होती आणि हे निवडून आले पाच हजारांच्या आसपास फरकाने, म्हणजे आपल्याकडे एखाद्या आमदारकीला असते तेवढीच लीड. मग कोविड आला, हे रोज संध्याकाळी पाच वाजता कॅमेऱ्यासमोर बसायला लागले, मग डिसेंबर २०२१ मध्ये पश्चिमेकडे टोर्नेडो, जुलै २०२२ मध्ये पूर्वेकडच्या कोळसा पट्ट्यात पूर. दरवेळी माणूस तिथे हजर. २०२३ ला समोर डॅनियल कॅमेरॉन होते, राज्याचे ॲटर्नी जनरल म्हणजे सरकारचे मुख्य वकील, ट्रम्प यांचा पाठिंबा, म्हणजे पडेल उमेदवार अजिबात नाही, तरी बेशिअर यांना साडेबावन्न टक्के.

पण नुसतं साडेबावन्न वाचून पेपर बंद करू नका, ती मतपत्रिका नजरेसमोर आणा. कागदाची मतपत्रिका, वर गव्हर्नर, खाली सेक्रेटरी ऑफ स्टेट (परराष्ट्रमंत्री नाही, राज्याच्या निवडणुका पाहणारा), ॲटर्नी जनरल, ऑडिटर, ट्रेझरर, शेतीखात्याचा कमिशनर, सगळी पदं थेट निवडून द्यायची. केंटकीत अजून एक सोय आहे, एकाच पक्षाच्या नावासमोरचा गोळा काळा केला की त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत. एवढी सोय असताना हजारो लोकांनी वर बेशिअर यांचा गोळा भरला आणि मग खाली उतरत एकेक रिपब्लिकन हाताने निवडला. गव्हर्नर सोडून बाकी सगळी राज्यस्तरीय पदं त्या दिवशी रिपब्लिकन पक्षाकडे गेली. माणूस पास, पक्ष नापास, एकाच कागदावर.

हे घरी बसून तपासायचं असेल तर राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या साइटवर जा (तिकडे आपल्यासारखा एक निवडणूक आयोग नाही, प्रत्येक राज्य आपापलं इलेक्शन चालवते आणि मोजणी काउंटी पातळीवर होते, काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा, फक्त कितीतरी लहान). निकालाची पीडीएफ काढायची, त्यात गव्हर्नरच्या कॉलममध्ये त्या पक्षाला किती आणि खालच्या पदांना किती ते पाहायचं. तो जो फरक निघते ना, ती त्या माणसाची स्वतःची कमाई. मग काउंटीवाइज उतरा. केंटकीत १२० काउंट्या आहेत, सगळ्या पाहत बसायची गरज नाही, लुइव्हिल असलेली जेफरसन आणि लेक्सिंग्टन असलेली फेयेट इथे डेमोक्रॅट जिंकणारच, त्यात काही बातमी नाही. लेचर काउंटी उघडा. पूर्वेकडचा डोंगराळ कोळशाचा भाग, २०२० ला ट्रम्प यांना पाऊणपेक्षा जास्त मतं, मध्ये तो २०२२ चा पूर, आणि २०२३ ला तिथे बेशिअर पुढे! राज्याचा टोटल आकडा हे कधीच सांगणार नाही.

आणि एवढं करून बेशिअर यांच्या हातात काय आलं? सभागृह रिपब्लिकन पक्षाचं, तेही मोठ्या बहुमताचं, आणि केंटकीच्या घटनेत गव्हर्नरचा व्हेटो, म्हणजे बिलाला दिलेला नकार, रद्द करायला दोन तृतीयांश लागत नाही, निवडून आलेल्या सदस्यांचं साधं बहुमत पुरते. त्यामुळे हे बिल नाकारतात, ते परत पास करतात, चालू आहे. लोकप्रिय गव्हर्नर म्हणजे ताकदवान गव्हर्नर असं समजून जे लोक ग्रुपवर लांबलचक लिहून राहिले त्यांना हा नियम दाखवा.

दुसरं राज्य व्हरमाँट, बरोबर उलटं. राज्य डेमोक्रॅट, गव्हर्नर रिपब्लिकन, फिल स्कॉट, पूर्वीचे कंत्राटदार आणि हौशीने कार रेस करणारे. २०१६ पासून दर दोन वर्षांनी निवडून येऊन राहिले. २०२० ला एकाच दिवशी बायडेन यांना तिथे ६६ टक्के आणि स्कॉट यांना ६८, आणि स्कॉट यांनी स्वतः सांगून टाकलं की मी बायडेनला मत दिलं! आपल्याकडे असं कोणी बोललं असतं तर संध्याकाळपर्यंत पक्षातून बाहेर. २०२२ आणि २०२४ ला तर त्यांना सत्तर टक्क्यांच्या वर. व्हरमाँटने बसलेला गव्हर्नर शेवटचा पाडला १९६२ मध्ये, त्यामुळे जिंकतील का हा प्रश्न तिथे कोणी विचारत पण नाही.

मग तिथे पाहायचं काय? राज्याचं विधिमंडळ. बरीच वर्षं स्कॉट व्हेटो करायचे आणि डेमोक्रॅट दोन तृतीयांशाने तो उडवायचे, कारण व्हरमाँटला दोन तृतीयांश लागते. २०२४ ला प्रॉपर्टी टॅक्स एकदम वाढला, लोक चिडले, आणि तेव्हा स्कॉट यांनी आपल्या पक्षाच्या उमेदवारांसाठी उघड प्रचार केला. निकाल असा की दोन्ही सभागृहांत डेमोक्रॅट पक्षाचं ते दोन तृतीयांश गेलं. लेफ्टनंट गव्हर्नर म्हणजे उपगव्हर्नर, त्या पदावरही विद्यमान माणूस मागे पडला, तिथे कोणालाच पन्नास टक्के नव्हते, मग व्हरमाँटच्या नियमाप्रमाणे जानेवारी २०२५ मध्ये सभागृहाने मत देऊन रिपब्लिकन जॉन रॉजर्स यांना निवडलं. स्कॉट यांचा स्वतःचा आकडा आधी पण सत्तरच्या वर, नंतर पण सत्तरच्या वर, तोच पाहत बसला असता तर काहीच बदललं नाही असं वाटलं असतं, आणि प्रत्यक्षात सरकार चालवायची रीतच बदलली. माझं मत विचाराल तर २०२४ चं व्हरमाँट हे त्या वर्षीच्या कुठल्याही अटीतटीच्या लढतीपेक्षा जास्त इंटरेस्टिंग होतं, पण आपल्या चॅनेलवाल्यांना ते राज्य नकाशावर दाखवता आलं असतं का माहीत नाही.

हे आपल्याला नवीन थोडीच आहे. गडकरी नागपुरातून २०१४ ला पावणेतीन लाखांच्या वर लीडने आले, २०१९ ला ती दोन लाख सोळा हजार झाली, २०२४ ला एक लाख सदतीस हजार. तिन्ही वेळा विजयच, तिन्ही वेळा ढोल, पण आकडा काहीतरी सांगून राहिला होता. २०१९ ला तर लोकसभेनंतर काहीच महिन्यांत पश्चिम आणि उत्तर नागपूर विधानसभेला काँग्रेसकडे गेले, मतदार तेच, गल्ल्या त्याच. नागपूरकर हे पिढ्यानपिढ्या करतात, मग केंटकीवाल्याने केलं की आश्चर्य काऊन वाटते?

पोल्सबद्दल थोडं. लोकप्रिय माणसाच्या बाबतीत दोन वेगळे प्रश्न विचारले जातात, काम आवडलं का आणि मत देणार का. दोन्हीचे आकडे वेगळे येतात आणि बातमीत मिसळून टाकतात. साठ टक्के लोक काम चांगलं म्हणतात, पण त्यातले कितीतरी मतदानाला उभे राहिल्यावर आपल्या पक्षाकडे परत जातात, म्हणून फक्त दुसऱ्या पक्षाचे मतदार काय म्हणतात तेवढा कॉलम काढून पाहा. सहाशे लोकांचा पोल असेल तर चार टक्के इकडेतिकडे धरूनच चालायचं. स्थानिक पेपर वाचा, केंटकीचा कुरिअर जर्नल, व्हरमाँटचं व्हीटीडिगर, यांच्यात जे कळते ते मोठ्या चॅनेलवर कधी येत नाही. समोर कोण उभं आहे यापेक्षा कोण उभं राहिलं नाही ते बघा, लाडक्या गव्हर्नरसमोर पक्षातले मोठे लोक दोन-चार वर्षं थांबणं पसंत करतात आणि मग कुठला तरी नवखा पुढे केला जातो, त्याला हरवून मिळालेल्या सत्तर टक्क्यांना आणि कॅमेरॉनसारख्याला हरवून मिळालेल्या साडेबावन्नला एकाच काट्यावर तोलू नका.

मतदानाच्या रात्री म्हणजे आपल्या बुधवारी सकाळी. नोव्हेंबरमध्ये घड्याळं मागे गेल्यावर त्यांच्या पूर्व किनाऱ्यात आणि आपल्यात साडेदहा तासांचा फरक. केंटकीच्या पूर्व भागातलं मतदान सहाला संपते तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार, व्हरमाँटचं सातला संपते तेव्हा साडेपाच, कॅलिफोर्नियाचं रात्री आठला, आपले सकाळी साडेनऊ, ऑफिसला निघायची वेळ. सेफ सीट असेल तर असोसिएटेड प्रेस ही न्यूज एजन्सी मतदान संपल्याबरोबर विजेता जाहीर करून टाकते, एक मत मोजलेलं नसताना, आणि इथे ग्रुपवर सेटिंग आहे, सेटिंग आहे सुरू होते. सेटिंग नाही, जुने आकडे आणि मतदारांचे सर्व्हे पाहून केलेला अंदाज आहे, अधिकृत निकाल काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी सर्टिफाय होतो. सुरुवातीचे टक्के पाहून उड्या मारू नका, पोस्टाने आलेली मतं कुठे आधी मोजतात कुठे नंतर, पेनसिल्व्हेनियात ती मतदानाच्या दिवसाआधी उघडतच नाहीत, कॅलिफोर्नियात मोजणी आठवडे चालते. तर्री पोहे खाऊन या, पक्के आकडे दुपारनंतर पाहा.

निकाल लागला की लगेच सुरू होते, हा आता राष्ट्राध्यक्ष होणार. जरा थांबा. टेनेसीचे फिल ब्रेडेसन, डेमोक्रॅट, २००६ मध्ये गव्हर्नर म्हणून पुन्हा उभे राहिले आणि राज्यातल्या ९५ च्या ९५ काउंट्या जिंकल्या, एकही नाही सोडली. तेच ब्रेडेसन २०१८ ला सिनेटला, म्हणजे वॉशिंग्टनच्या संसदेच्या वरच्या सभागृहाला, उभे राहिले आणि मार्शा ब्लॅकबर्न यांच्याकडून व्यवस्थित पडले. मेरीलँडचे लॅरी होगन, रिपब्लिकन, दोन टर्म लोकप्रिय, २०२४ ला सिनेटला अँजेला ऑल्सोब्रुक्स यांच्याकडून पडले. राज्य सांभाळायला द्यायचं मत वेगळं आणि वॉशिंग्टनला आपल्या पक्षाची खुर्ची वाढवायचं मत वेगळं, मतदार हा हिशोब पक्का ठेवतो. आणि लोकप्रियता टिकते असं पण नाही. जिंदाल निवडून आले तेव्हा आपल्या पेपरांनी किती कौतुक केलं होतं, २०११ ला तर ६६ टक्के, पहिल्याच फेरीत. मग राज्याच्या बजेटचे वांधे झाले, आणि जानेवारी २०१६ मध्ये ते बाहेर पडले तेव्हा लुइझियानासारख्या रिपब्लिकन राज्यात पुढचे गव्हर्नर डेमोक्रॅट आले, जॉन बेल एडवर्ड्स. तेव्हाचे कौतुकवाले पेपर हे छापायला विसरले.

आता बंटीला फोन करून तू कोणाला मत दिलं विचारायच्या आधी तो सिटिझन आहे का ते विचारा. एच वन बी वाला मत देऊ शकत नाही, ग्रीन कार्डवाला पण नाही. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना तिकडे मतदार नोंदणीचा पण प्रश्न येतो, त्यावर चुकून हो म्हणून सही केली तर पुढे सिटिझनशिपच्या वेळी फार जड जाते, तेवढं त्याला सांगून ठेवा. इथून कोणी उत्साहात उमेदवाराला पैसे पाठवायचे नाहीत, परदेशी नागरिकाने तिकडच्या कुठल्याही इलेक्शनला, अगदी काउंटीच्या सुद्धा, पैसे देणं त्यांच्या कायद्यात गुन्हा आहे, ग्रीन कार्डवाल्याला मात्र चालते. आणि जे अमेरिकन पासपोर्ट घेऊन रिटायर होऊन नागपुरात परत आले, ओसीआयवाले, त्यांना इथून मत देता येते, फेडरल पोस्ट कार्ड ॲप्लिकेशन नावाचा फॉर्म भरून, तो दरवर्षी नव्याने भरलेला बरा. पण अमेरिकेत परत जायचं नक्की नाही असं त्यावर लिहिलं तर बऱ्याच राज्यांत फक्त राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेसची (म्हणजे त्यांच्या संसदेची) मतपत्रिका येते, गव्हर्नरची नाही, म्हणून फॉर्मवरचा तो रकाना भरण्याआधी आपल्या राज्याचा नियम वाचा आणि मतपत्रिका परत पोचायला पोस्टाचे आठवडे धरून ऑगस्ट-सप्टेंबरलाच कामाला लागा.